शालेय विद्यार्थ्याने भौतिकशास्त्राच्या संशोधन प्रकल्पासाठी झेपेल असा विषय कसा निवडावा

विज्ञान प्रदर्शनासाठी, इन्स्पायर-मानकसारख्या योजनेसाठी किंवा केवळ हौसेपोटी भौतिकशास्त्राचा प्रकल्प करायचे ठरले, की आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून सुचवले जाणारे विषय बहुधा ठरलेले असतात: कृष्णविवरे, चुंबकावर अखंड चालणारी मोटार, सौरऊर्जेचे महत्त्व, सिरिंजवर चालणारा जेसीबी. यांपैकी पहिल्या विषयात विद्यार्थ्याला स्वतः मोजता येईल असे जवळपास काही नाही. दुसरा ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाशीच भांडतो. तिसरा निबंधाचा विषय आहे. चौथ्यातून सुंदर प्रतिकृती तयार होते, परंतु ती चालेल हे आधीच माहीत असल्यामुळे त्यात शोधण्यासारखे काही उरत नाही. प्रतिकृती करण्यात कमीपणा नाही, मात्र तिला संशोधन म्हणू नये.

संशोधन प्रकल्पात उत्तर आधी माहीत नसलेला एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर मोजमापातून मिळते. असा प्रश्न आपल्याला झेपेल की नाही, हे आवड, उत्साह किंवा पालकांची खर्चाची तयारी यांपेक्षा एका साध्या हिशेबावर अधिक अवलंबून असते: जो फरक पाहायचा आहे तो आपल्या साधनांच्या त्रुटीपेक्षा पुरेसा मोठा आहे का? हा हिशेब विषय नक्की करण्यापूर्वी वहीच्या एका पानावर करता येतो. सोलापुरातील बहुतेक शाळांमध्ये तो केला जात नाही असे माझे मत आहे, आणि डिसेंबरात अनेक प्रकल्प अडतात ते त्यामुळेच. पुढील उदाहरणे म्हणूनच सोलापूरचीच घेतली आहेत.

पहिली पायरी: विषयाचे प्रश्नात रूपांतर करावे

‘उष्णता’ किंवा ‘ध्वनिप्रदूषण’ हे विषय झाले. ‘एक राशी बदलली असता दुसरी किती बदलते’ अशा घाटाचे वाक्य लिहिता आले म्हणजे प्रश्न तयार झाला. त्या वाक्यात आपण बदलणार ती राशी, आपण मोजणार ती राशी आणि ज्या कायम ठेवायच्या त्या राशी, अशा तिन्ही गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत. ‘पत्र्याच्या छताला चुना लावल्यावर काय होते’ हे वाक्य अपुरे आहे. ‘एकाच मापाच्या दोन पत्र्यांपैकी एकाला चुन्याचे दोन हात दिले, तर दुपारी बारा ते चार या वेळेत दोन्हींच्या खालच्या बाजूच्या तापमानात किती फरक पडतो’ हे वाक्य कामाचे आहे, कारण ते वाचून दुसरा विद्यार्थीही तोच प्रयोग करू शकेल.

प्रश्न शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. पूर्व भागातील यंत्रमाग, घरातला माठ, सोलापुरी टॉवेल आणि चादरी, पत्र्याची छते, सिद्धेश्वर तलावाचे गढूळ किंवा हिरवट पाणी, सौर पॅनेलवर बसणारी धूळ, यांतील प्रत्येक गोष्टीत मोजण्याजोग्या पाच-सहा राशी सहज सापडतात. विद्यार्थ्याने आठवडाभर खिशात छोटी वही ठेवावी आणि जिथे ‘किती?’ असा प्रश्न पडेल तिथे तो लिहून ठेवावा. ‘का?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याच्यापासून सुरुवात केल्यास प्रकल्प पुस्तकी उत्तरांकडे घसरतो. पंधरा-वीस प्रश्न जमल्यावर पुढच्या पायरीकडे वळावे.

दुसरी पायरी: प्रयोगाआधी त्रुटीचा हिशेब करावा

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा. लंबकाचे उदाहरण घेऊ. सोलापूर विषुववृत्ताच्या बरेच जवळ, सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, आणि समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरांहून थोड्या अधिक उंचीवर आहे. त्यामुळे येथील गुरुत्व त्वरणाचे मूल्य सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग येते, तर पुस्तकात बहुधा ९.८ किंवा ९.८१ दिलेले असते. ‘सोलापूरचे गुरुत्व त्वरण पुस्तकातील मूल्यापेक्षा कमी आहे हे लंबकाने दाखवता येईल का?’ हा प्रश्न आकर्षक वाटतो. ९.८१ आणि ९.७८ यांतील फरक ०.३ टक्के आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाची २० आंदोलने सुमारे ४० सेकंदांत होतात आणि हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक सहज होते, म्हणजे वेळेतील त्रुटी ०.५ टक्के. सूत्रात दोलनकालाचा वर्ग असल्यामुळे ती दुप्पट होऊन १ टक्का होते. जो फरक पाहायचा आहे त्याच्या तिप्पट त्रुटी असेल, तर प्रयोग सुरू होण्यापूर्वीच हरलेला आहे.

हाच हिशेब सुटकेची वाटही दाखवतो. १०० आंदोलने मोजली तर वेळेची त्रुटी पाचपटीने घटते. लांबी मिलिमीटरपर्यंत अचूक मोजली तर तिची त्रुटी ०.१ टक्का राहते. लंबक १० अंशांनी सोडला तर केवळ मोठ्या आयामामुळे दोलनकाल जवळजवळ ०.२ टक्के वाढतो आणि गुरुत्व त्वरणाच्या उत्तरात ०.४ टक्क्यांची चूक शिरते, म्हणून आयाम ५ अंशांच्या आत ठेवावा लागतो. एवढे करूनही उत्तर जेमतेम हाती येते. तेव्हा नववीच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न बदलून ‘आयाम वाढवत नेल्यास दोलनकाल किती टक्क्यांनी वाढतो’ असा केला तर तो पुरता आवाक्यात येतो, कारण ४० ते ६० अंशांच्या आयामाला ही वाढ ३ ते ७ टक्क्यांच्या घरात जाते.

दुसरे उदाहरण अधिक मजेदार आहे. दोन गावांत एकाच दिवशी स्थानिक मध्यान्हीला काठीची सावली मोजून, सूर्याच्या कोनांतील फरक (तो अक्षांशांतील फरकाइतकाच असतो) आणि गावांमधील अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ काढण्याची जुनी पद्धत आहे. सोलापूरहून दक्षिणेला सरळ रेषेत सुमारे ९५ किलोमीटरवर विजयपूर आहे आणि तिथे नातेवाईक असलेले विद्यार्थी सोलापुरात कमी नाहीत, त्यामुळे तेच गाव प्रथम सुचते. परंतु दोन्ही गावांच्या अक्षांशांत फक्त ०.८ अंशाचा फरक आहे. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड धूसर असते. एक मीटरच्या काठीला ही धूसर पट्टी जवळपास ९ मिलिमीटर रुंद पडते, आणि काळजी घेतली तरी दोन्ही ठिकाणच्या मापांतून मिळणाऱ्या कोनात ०.३ अंशाची त्रुटी राहते. म्हणजे परिघाच्या उत्तरात ३५ ते ४० टक्क्यांची अनिश्चितता येणार. विजयपूरऐवजी इंदूर घेतले तर चित्र पालटते. इंदूर जवळजवळ सोलापूरच्याच रेखांशावर आहे, अक्षांशांतील फरक ५ अंशांपेक्षा किंचित जास्त आहे आणि उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ५६० किलोमीटर आहे. तीच काठी, तीच धूसर सावली, परंतु त्रुटी ६ टक्क्यांच्या आसपास येते. इंदूरच्या एखाद्या शाळेशी संपर्क साधण्याची खटपट एवढ्या फायद्यासाठी करण्याजोगी आहे. मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही, हेही येथे लक्षात ठेवावे: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर आहे, त्यामुळे मे महिन्यात सोलापूरची खरी मध्यान्ह १२ वाजून २० ते २५ मिनिटांच्या दरम्यान येते.

तिसरी पायरी: ऋतू आणि शाळेचे वेळापत्रक जुळते का ते पाहावे

भौतिकशास्त्राचे नियम बाराही महिने तेच असले तरी प्रयोग मात्र हंगामी असतात. माठातील पाणी थंड होण्याचा प्रयोग घ्यावा. पाणी किती थंड होऊ शकेल याची खालची मर्यादा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीच्या वाचनावरून कळते. एप्रिलच्या दुपारी हवा ४० अंश सेल्सिअसवर आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ती ओली तापमापी सुमारे २३ अंश दाखवते, म्हणजे १७ अंशांची संधी आहे. जुलैत हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर हाच फरक ४ अंशांच्याही आत येतो. माठाचा प्रकल्प जूनमध्ये सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला पावसाळाभर निराशा सोसावी लागते. त्याने मार्च ते मे या काळात मोजमाप उरकावे आणि लेखन नव्या शालेय वर्षात करावे, किंवा प्रश्नच बदलून ‘आर्द्रतेनुसार माठाची थंड करण्याची क्षमता कशी बदलते’ असा वर्षभर चालणारा करावा. माझ्या मते दुसरा पर्याय अधिक चांगला, कारण सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यापासून दमट ऑगस्टपर्यंत निसर्गच स्वतंत्र चल, म्हणजे बदलायची ती राशी, बदलत राहतो.

माठाबाबत वजनाचाही हिशेब करावा. पाच लिटर पाणी ३५ अंशांवरून २५ अंशांवर आणण्यासाठी सुमारे २.१ लाख जूल उष्णता काढावी लागते. पाण्याच्या बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा या तापमानाला किलोग्रॅममागे सुमारे २४ लाख जूल आहे, म्हणून किमान ८५ ते ९० ग्रॅम पाणी उडून जावे लागेल. बाहेरून आत येणारी उष्णता धरली तर त्याहून अधिक. स्वयंपाकघरातील एक ग्रॅम लघुतम मापाचा इलेक्ट्रॉनिक काटा हा बदल उत्तम दाखवतो, मात्र माठासह भार ५ किलोग्रॅमच्या वर जात असल्याने १० किलोग्रॅम क्षमतेचा काटा लागेल. सोय म्हणून एक लिटरचे मडके घेतले तर उडणारे पाणी १७-१८ ग्रॅमच असेल आणि त्याच काट्याची त्रुटी ६ टक्क्यांच्या जवळ जाईल.

काही प्रयोग पंचांगाला बांधलेले असतात. सोलापुरात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. दुसरी संधी ढगांमुळे हुकण्याची शक्यता मोठी, म्हणून अशा शून्य सावलीच्या एकाच दिवसावर सारा प्रकल्प टांगू नये. आधीचे आणि नंतरचे काही दिवसही मोजणीत घ्यावेत. दिवाळीची सुटी, जानेवारीतील गड्ड्याची यात्रा आणि दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षा यांचे दिवस वेळापत्रकातून आधीच वजा करावेत.

चौथी पायरी: साधने, परवानगी आणि सुरक्षितता

साधनांची यादी थोडक्यात आटोपते. साध्या स्मार्टफोनमध्ये त्वरणमापक आणि मायक्रोफोन असतो, बऱ्याच फोनांत चुंबकीय क्षेत्राचा संवेदकही असतो. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठात तयार झालेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप त्यांची वाचने थेट आकड्यांत देते. त्याला डिजिटल काटा, तापमापी, मल्टिमीटर आणि मोजपट्टी यांची जोड दिली की शालेय पातळीवरील बहुतेक प्रश्न हाताळता येतात. एक सावधगिरी मात्र हवी. फोनचा मायक्रोफोन प्रमाणित केलेला नसतो, म्हणून त्यावरून ‘कारखान्यात अमुक डेसिबल आवाज आहे’ असे विधान करू नये. दोन परिस्थितींतील फरक सांगावा.

यंत्रमागाचे उदाहरण येथे बोलके आहे. आवाजाची पातळी मोजण्यापेक्षा आवाजातील ठोके मोजणे फोनला फार चांगले जमते. धोट्याचे ठोके मिनिटाला शंभराच्या आसपास पडत असतील, तर एका मिनिटाच्या ध्वनिमुद्रणातून मिनिटाला एका ठोक्याइतका बदल ओळखता येतो आणि पाच मिनिटांच्या मुद्रणातून त्याच्याही पाचव्या भागाइतका. ‘एकाच मागाचा वेग दिवसभरात किती बदलतो आणि तो बदल विजेच्या दाबाशी जुळतो का’ हा प्रश्न यातून उभा राहतो आणि त्याचे उत्तर मागवाल्यालाही हवे असते. अडचण एवढीच की शेडमध्ये अनेक माग एकदम चालू असतात आणि त्यांचे ठोके एकमेकांत मिसळतात. एकटाच माग चालू असेल अशी वेळ मालकाकडून मागून घ्यावी लागते. परवानगी विषय ठरण्यापूर्वीच मिळवावी. चालू मागाचे पट्टे, सैल ओढणी आणि ९० डेसिबलच्या पुढे सहज जाणारा आवाज हे धोके खरे असल्यामुळे मोठ्या माणसाच्या उपस्थितीशिवाय आणि कानात बोळे घातल्याशिवाय तिथे थांबू नये. तलावातील पाण्याचे नमुनेही मोठ्यांनीच काढून द्यावेत. मुख्य विजेच्या दाबावर काम करणारे कोणतेही मंडल शालेय प्रकल्पात नको.

पाचवी पायरी: एक प्रश्न पूर्ण उलगडून पाहावा

यादीत दोन-तीन प्रश्न उरले की प्रत्येकाचा एका पानाचा आराखडा लिहावा. सोलापुरी टॉवेलचा आराखडा असा होईल. नवा टॉवेल पाणी नीट टिपत नाही आणि चार-पाच वेळा धुतल्यावर टिपू लागतो, हे घरोघरी ठाऊक आहे. किती धुण्यांनंतर हा बदल थांबतो, हे आकड्यांत क्वचितच कोणी सांगू शकेल. प्रश्न: ‘धुण्याच्या संख्येनुसार टॉवेलच्या पट्टीत पाणी वर चढण्याचा वेग कसा बदलतो?’ पार्श्वभूमी: धाग्यांमधील बारीक फटींतून पाणी केशाकर्षणाने चढते, आणि सुरुवातीच्या काळात चढलेल्या उंचीचा वर्ग वेळेच्या समप्रमाणात असतो. म्हणून उंचीचा वर्ग आणि वेळ यांचा आलेख सरळ रेषा यावा, आणि त्या रेषेचा चढ हीच आपली मोजायची राशी.

कृती: एकाच टॉवेलमधून, उभ्या धाग्याच्या दिशेने, दोन सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर लांब पट्ट्या कापाव्यात. त्या न धुतलेल्या, एकदा, दोनदा, पाचदा आणि दहादा धुतलेल्या अशा गटांत विभागाव्यात. साबण, पाण्याचे प्रमाण आणि वाळवण्याची जागा तीच ठेवावी. पट्टी उभी टांगून तिचे टोक एक सेंटिमीटर रंगीत पाण्यात बुडवावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि फोनने चित्रण करावे. ओल्या भागाची कड वाकडीतिकडी असल्याने उंचीत दोन-तीन मिलिमीटरची त्रुटी धरावी. शिवाय एकाच गटातील पट्ट्याही आपापसांत वेगळ्या वागतात, त्यामुळे प्रत्येक गटात किमान पाच पट्ट्या हव्यात आणि सरासरीसोबत वाचनांचा विस्तारही, म्हणजे ती किती पसरली आहेत हेही, नोंदवावा. दोन गटांमधील फरक गटातील विस्तारापेक्षा मोठा असेल तरच तो फरक मानावा.

येथेही सोलापूरची हवा आडवी येते. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत पट्टीवरून पाणी झपाट्याने उडते. चढणारे आणि उडणारे पाणी समान झाले की ओली कड थबकते आणि आलेख सरळ रेषा सोडून वाकतो. यावर उपाय म्हणजे पट्टी झाकणाच्या उंच बरणीत टांगावी आणि पहिल्या काही मिनिटांचीच वाचने वापरावीत. हुशार विद्यार्थी याच अडचणीतून दुसरा प्रश्न काढील: झाकलेल्या आणि उघड्या पट्टीत कड किती उंचीवर थांबते? असा पुढचा प्रश्न ज्यातून आपोआप निघतो, तो विषय निवडीत वरच्या क्रमांकावर ठेवावा. सारा खर्च एका टॉवेलच्या किमतीच्या आसपास राहतो हेही त्याच्या बाजूने मोजावे.

सहावी पायरी: आधी झालेले काम शोधावे

विषय जगात कोणीच हाताळलेला नसावा अशी अट शालेय पातळीवर घालू नये. केशाकर्षणाचा अभ्यास शंभर वर्षांहून जुना आहे, म्हणून टॉवेलचा प्रश्न शिळा ठरत नाही. पद्धत जुनी आणि वस्तू, परिस्थिती किंवा मोजणी आपली, एवढे नावीन्य पुरेसे आहे. शोध घेताना गूगल स्कॉलरवर इंग्रजी पारिभाषिक शब्द वापरावे लागतात, त्यासाठी शिक्षकांची मदत घ्यावी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचे ‘रेझोनन्स’ हे मासिक १९९६ पासून निघते आणि त्याचे लेख संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. इंटरनॅशनल यंग फिजिसिस्ट्स टूर्नामेंट ही स्पर्धा दरवर्षी १७ खुले प्रश्न जाहीर करते. त्यांतील बरेचसे पाणी, दोरी, मेणबत्ती, वाळू अशा घरगुती वस्तूंवर आधारलेले असतात. ते प्रश्न कठीण आहेत, पण प्रश्न कसा मांडावा याचा नमुना म्हणून आधीच्या वर्षांचे दोन-तीन संच वाचावेत. ज्याला प्रयोगापेक्षा आकडेमोड आवडते त्याने कृष्णविवरांचा नाद सोडून एखाद्या रूपविकारी ताऱ्याची किंवा बाह्यग्रहाची खुली निरीक्षणे घ्यावीत. नासाच्या केप्लर आणि टेस मोहिमांची माहिती सर्वांसाठी खुली आहे, परंतु संगणकावर थोडीफार प्रोग्रॅमिंग येत असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

सातवी पायरी: नावनोंदणीपूर्वी चाचणी घ्यावी

प्रकल्पाचे नाव कागदावर देण्यापूर्वी एका रविवारी संपूर्ण प्रयोग छोट्या प्रमाणावर करून पाहावा. स्वतंत्र चलाची फक्त दोन टोकाची मूल्ये घ्यावीत आणि प्रत्येकाची पाच वाचने घ्यावीत. टॉवेलच्या बाबतीत न धुतलेली आणि दहादा धुतलेली पट्टी एवढेच पुरे. दोन टोकांतही फरक दिसत नसेल तर मधल्या मूल्यांत तो दिसण्याची आशा बहुधा व्यर्थ असते. अशा वेळी प्रथम साधन सुधारता येईल का ते पाहावे, मग प्रश्न बदलावा, आणि दोन्ही शक्य नसेल तर विषय सोडून यादीतील पुढचा घ्यावा. ‘फरक पडत नाही’ हेही उत्तर असू शकते, पण ते म्हणण्याचा अधिकार त्यालाच आहे ज्याने आपली मोजणी किती बारीक फरक पकडू शकते हे आकड्यांत दाखवले आहे. चाचणीची वाचने पेनाने, तारीख, वेळ, तापमान यांसह नोंदवहीत लिहावीत आणि न पटणारे वाचन खोडू नये; शेजारी शेरा लिहावा.

चाचणी जमल्यावर मार्गदर्शक शोधणे सोपे जाते. केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात किंवा शहरातील संगमेश्वर, दयानंद, वालचंद यांसारख्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे ‘सर, मला विषय सांगा’ अशी विनंती घेऊन गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. शिक्षकांच्या सहीच्या पत्रासोबत एका पानाचा आराखडा, चाचणीच्या दहा वाचनांचा तक्ता आणि हाताने काढलेला आलेख न्यावा, आणि मागणी नेमकी ठेवावी: एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा दोन तासांसाठी हवा आहे, आपल्या तापमापीचे वाचन प्रयोगशाळेतील तापमापीशी ताडून पाहायचे आहे, किंवा आलेखातील वाचनांचा विस्तार कसा मांडावा हे समजून घ्यायचे आहे. परीक्षांचे आणि प्रवेशांचे दिवस टाळून भेटीची वेळ आधी मागून घ्यावी.